पुरणाच्या पातेल्यातली माती

मांजलपूर, बडोदे

प्रिय मोहना,

तुझ्या बाबांनी माझं पुरणाचं पातेलं वाया घालवलं, ही बातमी आधी. आता त्यात चिखल शिजतो. बोटं आखडतात म्हणून डॉक्टरकडे चला म्हटलं, तर यांनी फोनवर कुठेसं वाचलं की गरम मातीत हातपाय बुडवून बसलं की सांधे मोकळे होतात. झालं. आपल्या एवढ्याशा बाल्कनीत प्लास्टिकचा टब आला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

माझ्यासारखीला माती ती माती. पण जन्मभर कॉलेजात सिरॅमिक शिकवलेल्या माणसासमोर असं म्हणायची सोय आहे का? मी खंडेराव मार्केटला भाजीला गेले तेव्हा मुलतानी माती आणली. ती वाळली की कातडी ओढते, नको. मग पादऱ्याकडची शेतातली काळी माती. पोतं रिक्षात घालून कोणी आणलं? मी. उन्हात वाळवून, चाळून, मुळं-खडे कोणी वेचले? तेही मीच. तर म्हणे हिला भेगा पडतात. मग कच्छचं बेंटोनाइट, तेही मातीचंच पीठ. ते पाणी पिऊन इतकं फुगलं की टबात खळ झाली. यांनी ती सरळ मोरीत ओतली आणि खालच्या जागृतीबेनच्या बाथरूममध्ये पाणी तुंबलं. त्या बाई वर येऊन गोडच बोलल्या, पण मला मान वर करता येईना. प्लंबर येऊन गेला तरी साहेबांचं आपलं चालूच.

प्रत्येक मातीची तीच परीक्षा. वळी करायची, बोटाभोवती गुंडाळायची, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचं की हिच्यात जीव नाही. अहो, आपल्याला सुरई घडवायची नाही, पाय बुडवायचे आहेत. मी असं म्हटलं की उत्तर ठरलेलं, तुला त्यातलं कळत नाही. ऐकून ऐकून कान किटले माझे.

मागच्या रविवारी माझं डोकं फिरलं. एकाच भांड्यातल्या मातीचे दोन गोळे केले, एक ताटलीत, एक वाटीत, आणि यांच्यापुढे ठेवले. ताटलीतली यांना भरड लागली, वाटीतली लोण्यासारखी. मनात म्हटलं, सापडले. चांगलं तोंडावर सुनावणार होते. तेवढ्यात गॅसवरून उतरवलेल्या पातेल्यात यांनी मनगटापर्यंत हात घातला आणि म्हणाले, कोमटच आहे गं, अजून जरा तापव. मी बोट लावलं ते चटकन मागे घेतलं. यांचा हात ओढून बाहेर काढला तर लालभडक. मी का ओरडते आहे, तेच यांना समजेना.

नळाखाली हात धरून उभी होते तेव्हा विचारलं, कधीपासून असं होतंय. हे आपले दुसऱ्या हाताने नळ बंद करायला बघत होते. फोड आले आहेत. मी खूप घाबरले, मोहना. फतेगंजच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, आणि या वेळी ऐकून घेणार नाही.

पण त्याचं मी बघेन. तुला लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. फोनवर बोलायचं तर हे कान देऊन समोरच बसलेले असतात. तुझ्या पुण्याच्या स्टुडिओच्या उद्घाटनाला पहिलं भांडं बाबा चाकावर करणार, असं तू निमंत्रणात घालते आहेस. हे नाही म्हणणार नाहीत. उलट तेवढ्यासाठीच हा सगळा चिखल चालला होता, हे मला आता उमगलं. बोटांना माती जाणवत नसताना हे चाकावर बसतील, आणि सगळ्यांसमोर भांडं यांच्या हातात बसकण मारेल. ते मला बघवणार नाही. यांना काही विचारू नकोस, मी लिहिल्याचंही बोलू नकोस. निमंत्रण छापायच्या आत बदल. पहिलं भांडं तू कर. बाबांना अगदी जवळ खुर्ची दे आणि सगळ्यांदेखत सांग, की माझं चुकलं तर तुम्हीच थांबवायचं. ते थांबवतील. तीनतीनदा थांबवतील. रागावू नकोस, त्यांना थांबवू दे.

दोघांच्या मधे अडकलेली, तुझीच
आई