ओराझआगांची मॉस्कविच

बालखाश, २२ एप्रिल २०१८

प्रिय साबित,

सलाम. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तूही तिकडे कोरियात बरा असशील. तळ्यावरचा बर्फ गेल्या आठवड्यात फुटला. तुझ्या रौशानवहिनीचा गुडघा हिवाळाभर कुरकुरत होता, आता ती स्वतःच कुरकुरते, म्हणजे गुडघा बरा आहे. तुझ्या आईची तब्येत ठीक. मोतीबिंदूचं ऑपरेशन नको म्हणते. "मला काय बघायचं ते बघून झालं," म्हणते, आणि माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण मात्र तिला जिन्यावरून दिसतं.

पत्रास कारण की... कारण जरा पुढे येईल. फोन असताना हा पत्र कसलं लिहितो, असं तुला वाटेल. फोनवर तुझा चेहरा दिसतो आणि तो दिसला की मी खोटं बोलतो. म्हणून कागद घेतला. आपल्या ओळखीतला दानियार परवा तिकडे कामाला निघालाय, त्याच्या हाती देतो.

अल्माटीच्या छोट्या गाड्यांच्या प्रदर्शनात मला पहिलं बक्षीस मिळालं हे रौशानने तुला सांगितलं. तू अभिनंदनाला तीनदा फोन केलास आणि मी उचलला नाही. रागावू नकोस. तू गेलास तेव्हा मी त्या बोटभर लांबीच्या गाड्या चकचकीत करायचो, आठवतं? आता गंजवतो. कुठेतरी टाकून दिलेल्या, काचा फुटलेल्या, चाकं जमिनीत रुतलेल्या. रौशान म्हणते, "घराचं दार करकरतंय, त्याला तेल घालायला सवड नाही, आणि खेळण्याला गंज चढवायला अख्खा रविवार!"

लोकांना वाटतं तपकिरी रंग फासला की झाला गंज. तसं नसतं रे. आधी खाली गंजाचा रंग द्यायचा, त्यावर केसांना मारायचा स्प्रे, वर गाडीचा खरा रंग. मग ओल्या ब्रशने वरचा रंग जागोजागी उचकटायचा. पण उचकटायचा कुठे, हीच सगळी मेख. पाणी कुठे थांबतं ते ठाऊक असावं लागतं. दाराच्या खालच्या कडेला, चाकावरच्या कमानीत आतल्या बाजूने, काचेच्या रबराखाली. पुढे हिरवी मॉस्कविच गाडी होती माझी, मागे तिचीच तीन रूपं, दरवर्षी थोडी थोडी अधिक सडलेली. परीक्षक वाकून बघत म्हणाले, "या माणसाने गंज चढताना समोर बसून बघितलाय." सगळे हसले, मीही हसलो.

बसून बघितलाच होता, साबित. तीन वर्षं.

आता तुझ्या वडिलांच्या खऱ्या मॉस्कविचबद्दल लिहितो. या पत्राचा पहिला कागद मी फाडला. त्यात लिहिलं होतं की दोन वर्षांपूर्वी मोठं वादळ झालं आणि गावाबाहेरच्या आमच्या बागघरी, दाचावर, गाडीवर घातलेली ताडपत्री उडून गेली. वादळ झालं होतं हे खरं आहे. ताडपत्री घडी घालून ठेवल्या जागची हलली नव्हती.

तुझे वडील गेले तेव्हा तुला येता आलं नाही. एकदा कोरियातून बाहेर पडलास तर ते पुन्हा आत घेणार नव्हते, आणि दोन बहिणींची लग्नं तुझ्याच पगारावर व्हायची होती. तुझ्या वाटणीची माती मी टाकली. त्या संध्याकाळी तू फोनवर रडत म्हणालास, "एर्मेक, गाडी तू सांभाळ. झाकून ठेव, रविवारी इंजिन चालू करत जा. मी आलो की आईला तीत बसवून वडिलांच्या कबरीवर नेईन. दफनाला नव्हतो, एवढं तरी करू दे." मी शब्द दिला. आठ महिने पाळलाही. दर रविवारी दाचावर जायचो, ताडपत्री काढायचो, इंजिन तापवायचो, पुन्हा झाकायचो.

एका रविवारी मागच्या दाराखाली नखाएवढा फुगा दिसला. रंगाखाली गंज धरत होता. कोणीही शहाण्या माणसाने तो घासून वर रंग लावला असता. मी फोटो काढला. पुढच्या रविवारी पुन्हा काढला. तो किती वाढतो ते बघायचं होतं. इतकंच, असं मी स्वतःला सांगितलं. मग ताडपत्री घातलीच नाही.

आपल्या कोरड्या हवेत पत्रा सडायला दहा वर्षं लागतात, तुला माहीत आहे. मला धीर नव्हता. मी खिळ्याने रंग खरवडला. बादलीत मीठ कालवून ते पाणी चाकांच्या कमानींवर, दारांवर ओतलं. हिवाळ्यात एक काच खाली करून ठेवली, म्हणजे बर्फ आत जाईल आणि गाडीचा तळ कसा सडतो ते कळेल. हे सगळं मी केलं, शुद्धीत, हातात वही घेऊन. वहीत तारखा आहेत.

तू "गाडी दाखव" म्हणायचास तेव्हा मी पहिल्या वर्षीचे फोटो पाठवायचो. तू म्हणायचास, "काय ठेवलीयस रे, नवी वाटते." कुंपणच शेत खात होतं आणि मालक कुंपणाला शाबासकी देत होता.

तुझी आई दर शुक्रवारी तुझ्या वडिलांच्या, ओराझआगांच्या नावाने सात शेलपेक तळते, पुरीसारख्या त्या मोठ्या रोट्या. त्यातले दोन न चुकता माझ्या घरी येतात, रुमालात बांधलेले, गरम. "आमच्या गाडीची राखण करतोस, पोरा. खा, आणि त्यांच्यासाठी दुव्याचे दोन शब्द म्हण." मी म्हणायचो. तीन वर्षांत एकही शुक्रवार चुकला नाही. एकदा रंगाचं काम टाकून उठलो, गंजाची पूड नखांत तशीच होती, आणि त्याच बोटांनी तोडून खाल्ला. चव छान होती, तेच सांगतोय.

मार्चमध्ये तू तिकीट काढल्याचं कळवलंस. स्टेशनवरून थेट गाडीकडे जाणार म्हणालास. तेव्हा कुठे मला अक्कल आली. रोज दाचावर जाऊन तारेच्या ब्रशने घासत बसलो. वेल्डर आणला. त्याने खाली सरपटत जाऊन बघितलं आणि उठून कपडे झटकत म्हणाला, "दादा, हिला पत्रा कशाला जोडू? जोडायला काही उरलंय का?" इंजिन अजून चालतं. बाकी बसायला जागा नाही. सीट रुळांसकट खाली आली आहे. आईला तीत बसवून नेता येणार नाही, साबित. हे तुला सांगायचं होतं.

पण पत्र इथे संपत नाही.

दोन आठवड्यांपूर्वी आपा, तुझी आई, माझ्या दारात आली. हातात बादली, जुनं फडकं. म्हणाली, "लेक येतोय. मला गाडीपाशी ने, मी माझ्या हाताने धुते." मी बसची सबब सांगितली, वाऱ्याची सांगितली, रौशानच्या गुडघ्याची सांगितली. रौशानच म्हणाली, "माझा गुडघा धडधाकट आहे, ने त्यांना." गेलो.

तिला लांबून हिरवं काहीतरी दिसलं असावं. हसत हसत पुढे गेली आणि कमानीवर हात ठेवला. हात आत गेला. मनगटापर्यंत. तिने तो हळूच बाहेर काढला, डोक्याच्या रुमालाला पुसला, आणि गाडीभोवती पूर्ण फेरी घातली, सगळीकडे चाचपत. मी बादली धरून उभा. मग फळीवर बसली आणि म्हणाली, "तुझ्या हातून झालं का?"

मी सगळं सांगितलं. आत्ता तुला सांगितलं त्याच क्रमाने.

तिने हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "साबितला हे कळता कामा नये. त्याला भाऊ नाही. तू एक आहेस, तूही तुटलास तर माझ्यामागे तो इथे कोणासाठी येईल? मी सांगेन, मीच म्हटलं होतं ताडपत्री काढ म्हणून. मला ती झाकलेली बघवत नव्हती. आईवर किती रागावेल?"

मी नको म्हटलं नाही. मी "बरं" म्हटलं. गाडीचं मी जे केलं त्याहून हे वाईट आहे, हे मला त्या क्षणीही कळत होतं, आणि तरी मला सुटल्यासारखं वाटलं. पुढच्या शुक्रवारी रुमाल आला. तोही खाल्ला.

काल ती वरच्या मजल्यावरून पुन्हा खाली आमच्याकडे आली. दार लावून घेतलं, खुर्ची ओढली आणि हळू आवाजात विचारलं, "एर्मेक, मी ते तुला कधी सांगितलं म्हणायचं? वसंतात की शरदात? तो विचारेल रे, लहानपणापासून तारीख-वार विचारायची खोड आहे त्याला. आणि तू काय म्हणालास तेव्हा? माझ्या काही ध्यानात राहत नाही आता, दोनतीनदा माझ्याकडून म्हणवून घे." सत्तर वर्षांची बाई, साबित. माझ्यासमोर हात मांडीवर ठेवून खोटं पाठ करत बसली. दोनदा चुकली आणि "थांब, पुन्हा म्हणते" म्हणाली.

म्हणून हे पत्र.

तू आलास की ती सांगेल. तिला खोटं पाडू नकोस, शेवटपर्यंत ऐक आणि मान डोलव. नंतर तिला कबरीवर कशातून न्यायचं ते तू ठरव. मी स्टेशनवर येणार नाही, घरीच असेन. यायचं की नाही, तेही तूच ठरव. माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

वसंत होता. रविवार होता. मला कोणीही काहीही सांगितलं नव्हतं.

एर्मेक