राक्षस घरी गेला

दादा,

मी बाबांजवळ दवाखान्यात आहे. टेबलावरच्या पिशवीत राक्षसांचे जुने सिनेमे आहेत. बंद होणाऱ्या दुकानात अगदी स्वस्तात मिळाले म्हणून नाक मुरडू नकोस, डिस्क चांगल्या चालतात. बाबांच्या वाढदिवसाला द्यायचे होते, पण आता थांबायला नको. संध्याकाळी तुझ्या जुन्या लॅपटॉपसकट घेऊन ये.

तू रडायचास म्हणून राक्षस मरायच्या आधीच बाबा टीव्ही बंद करायचे, आठवतं? "राक्षस घरी गेला, झोपा आता." आपण एकाचाही शेवट पाहिलेला नाही.

सकाळी डॉक्टर बोलून गेले. मग मी बाबांना सिनेमांचं सांगून टाकलं. म्हणाले, "या वेळी शेवटपर्यंत बघू या. दादाला सांग, रडलास तरी चालेल."

— धाकटी