हरीण चकाकत नाही

शनिवार, २ मार्च २०२४, सकाळी

रोजनिशी लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. कोणाची, ते ठरलेले नाही, कारण ही वही माझ्याखेरीज कोणी वाचणार नाही. लम्सडेन गावच्या वाचनालयात दिवसभर इतरांची पुस्तके फळीवर लावणाऱ्या बाईने स्वतः काही लिहावे, हा आगाऊपणाच. तरीही विषय महत्त्वाचा असल्याने नोंद आवश्यक.

विषय : बाबांसाठी लेझर रेंजफाइंडर. डोळ्याला लावून बटण दाबले की समोरचे हरीण किती मीटरवर आहे, तो आकडा आत उमटतो. मर्यादा : तीनशे डॉलर. मुदत : ईस्टरची सुट्टी. त्या सुमारास इकडे हिवाळ्याची चाहूल लागते, नर हरणे माद्यांना साद घालू लागतात आणि बाबा व मी तीन दिवस डोंगरात जातो. रायफल बाबांची, थर्मास माझा. वर्षभरात आम्ही एकमेकांशी जे काही बोलतो, ते त्या तीन दिवसांत.

गेल्या वर्षी बाबांच्या चारही गोळ्या चुकल्या. कारण उघड आहे : अंतराचा अंदाज. अन्य कारण संभवत नाही.

ता. क. : इन्व्हरकार्गिलच्या डोळे तपासणाऱ्या बाईंच्या ईमेलला उत्तर देणे. बारा दिवस झाले. त्यांचा प्रश्न एकच आहे : "तुमचे वडील अजून शिकारीला जातात का? जात असतील, तर बंदुकीचा परवाना देणाऱ्या कार्यालयाला मला कळवावे लागेल." सोमवारी निश्चित.

मंगळवार, ५ मार्च

सोमवारी तक्ता केला. सात यंत्रे, अकरा रकाने. वजन, पावसात टिकणे, बॅटरी, हमी इत्यादी. अकरावा रकाना : आतील आकड्यांचा आकार.

उत्तराचा मसुदा सुरू केला. "आदरणीय डॉक्टर, इकडे हवा आता गार झाली आहे." पुढचे वाक्य उद्या.

शनिवार, ९ मार्च

गोअर गावातल्या शिकारसाहित्याच्या दुकानात गेले. विक्रेत्याचे नाव ब्रेंट. एक यंत्र माझ्या हातात ठेवून तो म्हणाला, "हे घ्या, हजार मीटर." पेटीवरची बारीक अक्षरे मी तिथेच वाचली. हजार मीटर ही क्षमता चकाकणाऱ्या वस्तूसाठी, उदाहरणार्थ रस्त्यावरची पाटी. झाडासाठी सहाशे. हरणासाठी साडेतीनशे. मी अतिशय नम्रपणे विचारले, की पाट्यांची शिकार कोण करते. ब्रेंट म्हणाला, "सगळे असंच लिहितात हो मॅडम. पेटी वाचणाऱ्या पहिल्या तुम्हीच."

हा किस्सा संध्याकाळी तामाती काकांना सांगितला. ते आमचे शेजारी आणि चाळीस वर्षे बाबांचे शिकारीतले जोडीदार. ते म्हणाले, "मग हरणालाच सांग की, येताना गळ्यात आरसा बांधून ये म्हणून." बाबा खूप हसले. मग काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "अगं आयल्सा, किती लांब आहे ते कळून काय करायचंय? समोर काय आहे ते आधी कळायला नको का?"

काका जुन्या वळणाचे. यंत्रांविषयी त्यांना आकस आहे.

गुरुवार, १४ मार्च

निवड झाली. दोनशे एकोणनव्वद डॉलर. अकरावा रकाना सोडल्यास उरलेल्या दहापैकी सहा रकान्यांत ते इतरांहून कमी पडते, परंतु आकडे लाल, ठळक आणि तक्त्यातील सर्वांत मोठे. कातरवेळी सोयीचे. निवडीमागे अन्य हेतू नाही.

मसुदा : हवेविषयीचे वाक्य सुधारले.

मंगळवार, १९ मार्च

पार्सल वाचनालयात आले. दुपारी गर्दी नव्हती. खिडकीतून बेकरीचे दार : ४२ मीटर. चरित्रांचे कपाट : ९ मीटर. वृत्तपत्र वाचणाऱ्या एका गृहस्थांवर नेम धरला. ११ मीटर. ते असभ्य वाटल्याने यंत्र खाली ठेवले.

घरी बाबांच्या हाती दिले. त्यांनी डोळ्याला लावले, परसातून डोंगराकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "झकास! काय स्वच्छ दिसतंय गं!" पुढचे झाकण काढायचे राहिले होते. बाबांचा स्वभाव पहिल्यापासून विनोदी. मीही हसले. मग झाकण काढले. बाबा पुन्हा म्हणाले, "झकास."

शुक्रवार, २२ मार्च

तामाती काका ईस्टरला येणार नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. जाताना आपले शिकारीत घालायचे, लांबूनही माणूस ओळखू येईल असे भडक नारिंगी जाकीट मला देऊन गेले. "हे अंगातून काढायचं नाही. आणि तुझ्या बाबाच्या पुढे चालायचं नाही, मागे राहायचं. कळलं ना, पोरी?" गुडघ्याचा आणि माझ्या चालण्याचा संबंध लक्षात आला नाही.

संकल्प : रविवारी मागच्या कुरणात चाचणी. यंत्राने काम चोख केले, की त्या बाईंना सविस्तर कळवायचे, की अडचण दृष्टीची नव्हती, अंतराची होती, आणि ती आता दूर झाली आहे. उत्तर लांबले ते एका अर्थी बरेच झाले.

रविवार, २४ मार्च, दुपारी २ वाजून २० मिनिटे

चाचणी झाली. रायफल घरी, कुलपात होती. बाबा उंचवट्यावर पालथे झोपले. दोघांकडे छोटे रेडिओ. मी फाटकाला पुठ्ठा टांगायचा, बाबांनी अंतर सांगायचे, असे ठरले होते. वाऱ्याने पुठ्ठा टिकेना, म्हणून मी फाटकाच्याही पुढे उजवीकडच्या खांबापर्यंत गेले. हे बाबांना कळवले नाही. जाकीट गाडीत राहिले होते. अंगावर माझा तपकिरी कोट.

खांबापाशी वाकून दोरी बांधत असता रेडिओवर बाबा कुजबुजले, "आयल्सा, हलू नकोस. फाटकाच्या उजवीकडे बघ. खांबाशी मादी चरतेय. एकशे सत्त्याऐंशी."

मी उजवीकडे पाहिले. मग डावीकडे. कुरणात दुसरे काही नव्हते. मी सरळ उभी राहिले आणि हात वर केला.

बाबा म्हणाले, "आता कान टवकारले तिने."

दुपारी ३ वाजता

परत येऊन बाबांच्या जागेवरून त्या खांबाचे अंतर मी स्वतः घेतले. १८७. यंत्र निर्दोष आहे.

बाबांनी विचारले, "दिसली ना तुला? काय देखणी होती!" मी म्हणाले, दिसली. ते म्हणाले, "ईस्टरला अशीच समोर यायला हवी." मी थर्मासमधला चहा ओतून दिला. त्यांनी तो संपवला.

दुपारी ३ वाजून ३५ मिनिटे

मसुद्यातून "आदरणीय डॉक्टर" काढले. हवेविषयीचे वाक्य काढले. यंत्राविषयी लिहिलेला परिच्छेद काढला. त्यांच्या त्या एका प्रश्नाला एक शब्द राहिला.

हो.

पाठवले : रविवार, २४ मार्च २०२४, दुपारी ३ वाजून ४१ मिनिटे.