निळ्या पट्टीचा दांडा

३ नोव्हेंबर, सोमवार
आज रक्त घ्यायला पाच घरं. काशीमिरा नाक्याच्या अलीकडे एका मोटारवाल्याने काच खाली करून पान थुंकलं. नेम धरून. अर्धं माझ्या बाहीवर, अर्धं रक्ताच्या पेटीवर. मी दिसले नाही असं अजिबात नाही, कारण तो हसला. "आंटी, फुटपाथ पे चलाओ ना." फुटपाथवर भजीवाला आणि त्याच्या पुढे मोटारसायकली. आंटी जाणार कुठे?
सिग्नलला त्याला जवळजवळ गाठलं होतं, तेवढ्यात दिवा हिरवा झाला. दिवसभर ते तोंड डोळ्यांसमोर. वीस वर्षं लोकांना सुया टोचतेय, कुणाला दुखू नये म्हणून जपून. आज पहिल्यांदा कुणालातरी दुखावं म्हणून टोचावीशी वाटली.

४ नोव्हेंबर
नव्या टॉवरचा वॉचमन सायकल आत घेऊ देईना. "सायकलवाले पीछे के गेट से." स्वतः सायकलवरून कामाला येतो मेला. वर सातव्या मजल्यावर आजोबा उपाशीपोटी माझी वाट बघत. सायकल गेटलाच आडवी टाकून गेले. परत आले तर दोन्ही चाकांची हवा सोडलेली.
नवरा, अशोक, म्हणतो स्कूटी घे. लॅबच्या मॅडमही तेच. एकोणपन्नासाव्या वर्षी बाई सायकल चालवते म्हणजे एक तर डोकं फिरलंय, नाहीतर घरी खायचे वांधे. मला आवडते, असं कुणाला सुचतच नाही. सहाला आमच्या खारी गावातून निघायचं, कान गार, पाय गरम. त्या तासाभरात मी कुणाची बायको नसते, कुणाची सिस्टर नसते. एवढ्यासाठी थुंकी झेलतेय.

१२ नोव्हेंबर
आठ दिवसांनी वही. डावीकडचं गळ्याचं हाड मोडलंय, डोक्याला अकरा टाके. उजवा हात शाबूत म्हणून लिहितेय.
शुक्रवारी, घोडबंदर रोडला, चेणे गावाच्या थोडं अलीकडे. शेवटचं एक घर राहिलं होतं. मागून हॉर्न, लांबलचक, न थांबणारा. मी डावीकडेच होते. त्याच्याही डावीकडे गटार. मग धक्का. पेटी उडाली, नळ्या फुटल्या. नऊ जणांचं रक्त डांबरावर आणि त्यात माझं तोंड. कुणीतरी "गयी" म्हणालं. कुणीतरी मोबाईल धरून उभा.
आणि शेवटचं म्हणजे ती पांढरी गाडी. मागे मागे माझ्याकडे येणारी. रिव्हर्सला आरतीची धून वाजत होती, मध्येच एक सूर गचका खाणारी. मागच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत 'आईची कृपा'. पुढे अंधार.
उडवलं, आणि मेली की नाही बघायला मागे आला. आरती वाजवत.

१४ नोव्हेंबर
पहिल्या दवाखान्यातला वॉर्डबॉय अशोकला म्हणाला, एका माणसाने आणून टाकलं, नाव न सांगता गेला. देवमाणूस, म्हणे. असेल. त्याच दुपारी अशोकने मला तिथून भाईंदरला हलवलं, त्यामुळे त्याची गाठ पडली नाही. न पडो. मला तो नकोय. मला गाडीवाला हवाय.
अशोक जागेवर जाऊन आला. सायकल नाही. भंगारात गेली असणार. माझ्या हिरव्या नऊवारीच्या काठाचं सीटकव्हर शिवलं होतं तिला.
जबाब घ्यायला एक पोलीस आला. "नंबर?" नाही बघितला. "मग कशी सापडणार गाडी? आणि ताई, या रोडवर या वयात सायकल चालवायचीच कशाला?"
खांदा बांधलेला नसता तर त्याचं पेन त्याच्याच तळहातात रोवलं असतं.
'आईची कृपा' काय, आमच्या आगरी गावांत दर दुसऱ्या गाडीवर असतं. पण गचका खाणारी आरती एकाच गाडीची असणार. ती मी कुठेही ओळखेन.

१५ डिसेंबर, सोमवार
आजपासून कामावर. जुनी सायकल घेतली कुणाचीतरी, जड आहे, चालेल. पप्पांच्या मिठागरातल्या फावड्याचा दांडा माळ्यावर पडून होता. हातभर कापून घेतला. मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळली, सायकलच्या नळीला बांधला.
अशोकने विचारलं, हे काय? म्हटलं, कुत्र्यांसाठी.
तोंडाला स्कार्फ गुंडाळते आता, नुसते डोळे उघडे. धुळीसाठी, असं सांगते.

१९ डिसेंबर
रिक्षावाला घासून गेला. "मरना है क्या?" पुढे ट्रॅफिकमध्ये अडकलेला सापडला. दांडा काढला, आरसा उडवला. तो बाहेर येईपर्यंत मी गाड्यांच्या मधून पसार. रिक्षाला नसेल तेवढी जागा सायकलला असते, हे पहिल्यांदाच कामाला आलं.
मजा आली. खरं लिहिते, फार मजा आली. घरी येऊन दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

२७ डिसेंबर
मोटारसायकलवर दोघे. मागच्याने जाता जाता माझ्या पाठीवर सणसणीत थाप मारली आणि खिदळला. पुढच्या खड्ड्यापाशी हळू झाले, तिथे त्याच्या पाठीत दांडा घातला. जोरात. आवाज वेगळाच येतो, काचेसारखा नाही, ओल्या गोणीसारखा. गाडी हेलपाटली, पडली नाही.
पडली असती तर मागून डंपर येत होता.
हे अशोकला सांगितलं नाही. तो आजकाल माझ्याकडे बघताना आधी हाताकडे बघतो.

५ जानेवारी, सोमवार
सापडला.
चेणे नाक्यावर चहाच्या टपरीपाशी. आधी धून ऐकली. आरती, आणि त्याच जागी गचका. पाय आपोआप थांबले. पांढरी गाडी मागे येत होती, 'आईची कृपा', पिवळी अक्षरं. टाके घातले होते तिथे ठणका सुरू झाला.
ड्रायव्हरचा उजवा हात खिडकीबाहेर. पन्नास-पंचावन्नचा, पांढरी दाढी. माझ्याकडे बघून म्हणाला, "ये बाय, तू जा आधी." एवढं बोलू दिलं. पहिला घाव काचेवर, दुसरा मनगटावर. हाडाचा आवाज मला कळतो. तिसरा परत तिथेच. तो ओरडला नाही, नुसता "आई" म्हणाला. मी सांगायला हवं होतं, कशासाठी ते. नाही सुचलं.
टपरीवरचे धावेपर्यंत मी उतारावर होते. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं. हसत होते बहुतेक.

६ जानेवारी
मॅडम म्हणाल्या, आज चेहरा खुललाय. भरपूर जेवले. फक्त दोन आजींना दोनदा टोचावं लागलं. माझ्या हातून असं कधी होत नाही.

७ जानेवारी
यादीत शेवटचं नाव: जनार्दन, चेणेगाव, हाताच्या ऑपरेशनआधीच्या टेस्ट. वाचलं तेव्हा काहीच वाटलं नाही. चेण्यात लोकांचे हात मोडत नाहीत का?
अंगणात पांढरी गाडी. खिडकीला प्लास्टिक चिकटवलेलं.
परत फिरायला हवं होतं. पण त्याची बायको दारातच उभी, "ये ये, कवाशी वाट बघतंय." सायकल कुंपणाबाहेर होती, दांडा नळीला. स्कार्फ आधीच काढला होता, पेशंटकडे तोंड बांधून जात नाही मी. आत गेले.
तोच. उजवा हात प्लास्टरमध्ये, बोटं सुजून काळीनिळी. मला ओळखलं नाही.
बायको म्हणाली, "हे मोरीत घसरलं." आणि चहा टाकायला गेली.
मी डाव्या दंडाला पट्टा बांधला. शीर चांगली आहे. सुई घातली.
"कुठली गो तू?"
"खारीची."
"मंग आपलीच हायस." मग आवाज बारीक करून, "मोरीत न्हाय पडलो मी. एका बायनं मारला. सायकलवाली. तोंड बांधलेली, निळ्या पट्टीचा दांडा. कशाला मारला, मना न्हाय ठाव. आता लोकांना काय सांगू, सायकलवाल्या बायनं हात मोडला?" आणि हसायला लागला. दुखलं म्हणून थांबला.
मी नळीकडे बघत होते. भरत होती.
"सायकलवाल्यांचा न माझा कायतरी हाय बघ. नोव्हेंबरान एक बाय पडलेली रस्त्याव. उडवणारा पलाला. मी पुढं गेलतो, आरशान बघितला न गाडी मागं घेतली. उचलली, दवाखान्यान टाकली. पन लय रगत गेलता. सगला रस्ता लाल. ती काय वाचली नसंल."
गाडी मागं घेतली.
माझ्या मुठीत त्याच्या रक्ताची नळी होती, कोमट. त्याला सांगावं, ते माझं एकटीचं नव्हतं, नऊ जणांचं होतं. शुगरवाल्या काकूंचं, थायरॉइडवाल्या सुनेचं. नळी नुसती उलटसुलट करत राहिले.
"बाय, पट्टा सोड गो. हात बधिर झाला."
वीस वर्षांत पट्टा सोडायला विसरले नव्हते.
चहा घेतला नाही. निघताना त्याच्या बायकोने मागच्या दाराने वाट दाखवली, पुढे कुत्रा सुटला होता. मागे पत्र्याखाली माझी सायकल. चाक सरळ केलेलं. वरून प्लास्टिक. हिरव्या काठाचं सीटकव्हर धुऊन वाळत घातलेलं.
"मेलेल्या बायची हाय," ती म्हणाली. "हे परत दवाखान्यान गेलतं, तर तिला हलवलेली. कुठं, कुनी सांगंना. तिच्या घरचं कोन आलं तर देऊ. हे हात लावू देत न्हाईत कुनाला."


८ जानेवारी
अशोकला सगळं सांगितलं. त्याने उठून दार लावून घेतलं. मग म्हणाला, "त्याला एवढंच सांग, मी जिवंत आहे. आभार मान, सायकल घेऊन ये. दुसरं कशाला सांगायचं? मारताना त्याने तोंड पाहिलंय का तुझं?"
नाही पाहिलं. हीच तर पंचाईत. अर्धं खरं सांगून सुटता येतं. तो खूश होईल, त्याची बायको ओटी भरेल, सीटकव्हर घडी करून हातात देईल. मी घेईन. मी घेऊ शकेन, याची मला भीती वाटतेय.
माणूस एका कंपनीच्या स्टाफची ने-आण करणाऱ्या गाडीवर ड्रायव्हर आहे. त्याची बायको सांगत होती, डॉक्टर म्हणालेत, सहा महिने स्टेअरिंग नाही. पुढेही मनगट पूर्वीसारखं वळेल का, नक्की नाही. हे मी केलंय. त्या पान थुंकणाऱ्याने नाही, खिदळणाऱ्याने नाही, मी.
आणि ज्याने मला उडवलं तो अजून कुठेतरी फिरतोय, हॉर्नवर तळहात दाबून. त्याच्यावरचा राग गेलेला नाही. आज दुपारी एक टेम्पो अगदी जवळून गेला तेव्हा माझा हात पुन्हा नळीवरच्या दांड्याकडे गेला. रडू आलं ते त्याचं आलं.

९ जानेवारी, शुक्रवार
त्याचा रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल. ऑपरेशन उद्या. मॅडम म्हणाल्या मोबाईलवर पाठवते, म्हटलं नको, मी नेऊन देते.
सकाळी दांडा चुलीत घालायला काढला होता. अशोकच म्हणाला, जाळून टाक. निळी पट्टी सोलायला घेतली, निघेना. तिच्या कडेला काचेचा एक कण चिकटलेला, त्याच्या खिडकीचा.
जाळला नाही. परत सायकलला बांधला, वरच्या नळीला, समोरून दिसेल असा. स्कार्फ खुंटीवरच राहू दिला.
आज सायकल कुंपणाबाहेर लावणार नाही. थेट अंगणात नेणार, त्याच्या पांढऱ्या गाडीशेजारी, तो खाटेवरून बघतो तिथे. तोंड उघडायची हिंमत झाली तर बोलेन. नाही झाली, तरी त्याला दिसेल.
अशोक चप्पल घालून दारात उभा आहे, मी येतो म्हणतोय. नको म्हटलं. निघते.