दुधासोबतची गोळी

सर, "गोळी दुधासंगं घेत जा बाई, मंग अंगाले लागते," असं तुम्ही माझ्या आईला शाळेच्या खिचडीच्या खोलीत सांगितलं होतं. आई तिथे पोरांसाठी खिचडी शिजवायची आणि तिचा हात नुकताच थरथरायला लागला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवाताच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. तुम्ही ती चिठ्ठी घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकही अक्षर न वाचता हे सांगून टाकलं. मुख्याध्यापकाला एखादी गोष्ट माहीत नसणं तुम्हाला शोभत नसे. ताप असो, सातबारा असो, कोणाच्या मुलीचं लग्न असो, तुमचं उत्तर तयार. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या घरून रोज पेलाभर दूध येऊ लागलं. आमच्या बौद्ध मोहल्ल्यात सरांच्या घरचं दूध येतं, याचं केवढं कौतुक. आम्ही धुऊन परत दिलेला तो पेला तुमच्या पडवीतल्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा.

मी हैदराबादेत औषधांवर काम करते. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत फार घट्ट असते, बहुतेक औषधं बाहेरच अडतात. म्हणून आम्ही औषधाच्या रेणूत थोडा फेरफार करतो, म्हणजे त्या भिंतीला तो आपल्यातलाच वाटतो. आईची गोळीही अशीच आत जाते, प्रथिनाच्या कणासारखी दिसते म्हणून. पण सोबत दूध प्यायलं की दुधातली खरी प्रथिनं त्याच दारात गर्दी करतात आणि गोळी बाहेर राहते. इतकं साधं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला ते कळलं, आणि सकाळच्या गोळीनंतरही आई उंबऱ्यापाशी पाय खिळल्यासारखी का उभी राहते, तेही कळलं.

त्याच वर्षी सुट्टीत गावी आले ती तडक तुमच्याकडे. तुम्ही ओसरीवर सुपारी कातरताय. मी अर्धं सांगते न सांगते तोच तुम्ही अडकित्ता खाली ठेवता. "मले शिकवून राह्यली का तू? तुले बाराखडी कोनं शिकवली?" आत तुमची सून हसते. बाराखडी शिकवलीत, सर, तेवढंच. 'का' विचारलं की छडी शोधणाऱ्या माणसाने तीस वर्षं विज्ञान शिकवलं, याचं मला अजून हसू येतं.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आता दूध डेअरीचं असतं, पण आई गोळी त्याच्यासोबतच घेते. डॉक्टरांनी लाल शाईने लिहून दिलं, मी कागदावर चित्र काढून दाखवलं. ती म्हणते, "तू लय शिकली असंन. पन सरनं सांगतलं होतं." मागच्या महिन्यात ती न्हाणीच्या वाटेत भिंत धरून उभी होती. "पाय ऐकून नाई राह्यले," म्हणाली.

मला तुमची कीवही येत नाही. पण एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी ओसरीवरून उठताना मी "हो सर" म्हणाले होते. घरी आईने विचारलं, "काय म्हन्ले सर?" तेव्हा मी म्हणाले, "सर बरोबर सांगतात." ती अजून तेच धरून बसली आहे.

तुम्ही अधूनमधून तिच्या स्वप्नात येता म्हणे. पुढच्या वेळी आलात तर तिला सांगा, गोळी आधी, पाण्यासोबत, दूध तासाभराने. त्यासाठी स्वतःची चूक कबूल करावी लागेल. म्हणजे तुम्ही सांगणार नाही.