सहाशे बारा शुभमंगल

६ जानेवारी, सोमवार
आपल्या खान्देशी वधू-वर मंडळाचा मेळावा रविवारी. उधन्याच्या ऑफिसात यादी काढायला बसलो तर प्रोग्रॅम आत शिरेना. प्रोग्रॅम आपल्या पीसीवर, पण मुलामुलींची माहिती नाशिकच्या सर्व्हरवर. मधेच काहीतरी तुटलंय. अध्यक्ष चिंधाआप्पांना सांगितलं, संध्याकाळपर्यंत करतो. मंडळात कम्प्युटर कळणारा मी एकटा.
पुतणीला, सुवर्णाला, फोन करायचा नाही. प्रोग्रॅम तिने बनवला हे खरं, पण इच्छापोरला नोकरी लागल्यापासून पोरगी फार शिकवते.

७ जानेवारी, स. ११
केबल बदलली. दुकानदार गुजरातीत म्हणत होता, भाई, जूनी तो बराबर छे, म्हणजे जुनी चांगलीच आहे. ऐकलं नाही.

दु. ४
प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. आता उघडतही नाही. दोष जवळ आलाय.

८ जानेवारी, बुधवार
बायकोने, मालतीने, मला न विचारता सुवर्णाला बोलावलं. तिने प्रोग्रॅम नीट बसवला आणि विचारलं, काका, इंटरनेट नवीन घेतलं का? घेतलं, मीच, मंडळाच्या प्रगतीसाठी. सर्व्हर ओळखीच्या कनेक्शनलाच आत घेतो म्हणे, नवीन त्याला माहीत नव्हतं. दोन मिनिटांत चालू झालं. माझाही अंदाज साधारण तोच होता.

९ जानेवारी
कडोदऱ्याच्या योगेंद्रचं लग्न झालं. त्याची नोंद 'विवाहित' करायची. सुवर्णा म्हणते फॉर्ममधूनच करा. फॉर्म नवशिक्यांसाठी. मी थेट कमांड लिहिली. प्रोग्रॅमने विचारलं, ६१२ नोंदी बदलणार, चालेल? चालेल म्हटलं. कोणाची नोंद, एवढंच लिहायचं राहिलं.

१० जानेवारी
नोंद विवाहित झाली की घरी अभिनंदनाचा मेसेज आपोआप जातो. ही सोय मला कोणी सांगितली नव्हती. कामरेजचे एक गृहस्थ विचारत होते, मुलगी इथे भाकरी थापतेय, मग जावई कोण?
आप्पांच्या नातीला, मनीषाला, उद्या शहाद्याची माणसं बघायला येणार होती. यादीत त्यांचा मुलगा विवाहित दिसला. आप्पांनी फोनवर त्यांना फसवे, लबाड, सगळं म्हणून घेतलं. नंतर कळलं, मनीषाही विवाहित आहे. ते आता येत नाहीत. आप्पांना मी सर्व्हरचा दोष समजावला.

११ जानेवारी
सुवर्णाने रजा टाकून बुधवारी काढून ठेवलेली माहितीची प्रत परत चढवली. सगळे पुन्हा अविवाहित. माफीचे मेसेज मी लिहितो म्हणालो. ती म्हणाली, काका, तुम्ही नको.
आप्पांनी शहाद्याला फोन करून हात जोडले. उद्या मेळाव्यालाच येतो म्हणाले.

१२ जानेवारी, रविवार
शहाद्याची माणसं आली. मनीषा त्या मुलाशी हसून बोलत होती.
आप्पांनी माइकवरून कम्प्युटरची जबाबदारी मालतीकडे दिली. सुवर्णाने तिला अर्ध्या तासात शिकवलं. ती एका बोटाने टाइप करते, तरी रांग भराभर सरकत होती. मागे उभा राहून तिच्या दोन चुका दाखवल्या. दोन्ही चुका नव्हत्या.
माझा जुना पासवर्ड चालेना, नवा विचारला. मालती मान वर न करता म्हणाली, आहे तुम्हाला, पण त्याने काही बदलता येत नाही, नुसतं बघता येतं.
पाच वाजेपर्यंत बघितलं.