आबांचं कॉलेजचं तिकीट

दौंड,
११ जानेवारी

प्रिय सतीश,

परवा तुझा फोन आला तेव्हा घाईत आहे असं सांगून मी तो ठेवून दिला. घाई कसली, अंगणात बसून शेंगा सोलत होतो. तू म्हणालास, तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेला तिकिटांचे सगळे अल्बम देऊन टाकतोय, सव्वीस जानेवारीला छोटासा कार्यक्रम आहे आणि चार शब्द मी बोलायचे. तुझ्या संग्रहाची माहिती माझ्याइतकी कुणाला नाही, असंही म्हणालास. ते खरंच आहे. पण ती फोनवर सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो. दोन कागद फाडून झालेत, हा तिसरा.

इकडे सगळं ठीक. गुडघा त्रास देतो. सायली रांजणगावच्या कंपनीत लागल्यापासून शिरूरलाच राहते, रविवारी येते. माझे अल्बम बघून म्हणते, बाबा, सतीशकाकांसारखं तुम्हीही हे कुणाला तरी देऊन टाका. मी विषय बदलतो.

शिरूरच्या कॉलेजात आपण एका बाकावर बसायचो तेव्हापासूनचा हा नाद. तू तिकीट चिकटवायच्या आधी ते कुठलं, कधीचं, कुणी दिलं हे सगळं वहीत लिहायचास. मला फक्त ते आपल्याकडे असावं असं वाटायचं. पुढे तू शाळेत मास्तर झालास, मी रेल्वे टपालात सॉर्टर. रोज हजारो पाकिटं हाताखालून जायची, पण त्यातल्या एकाही तिकिटाला मी कधी नख लावलं नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण त्यामुळे मला स्वतःबद्दल बराच भरवसा होता.

तुझ्या आबांच्या त्या तिकिटाची गोष्ट तुला मी काय सांगणार! तरी मला आठवते तशी लिहितो. आबा दौंडच्या रेल्वे बंगल्यावर माळी होते. बंगल्यातली म्हातारी मडम बासष्ट साली विलायतेला परत निघाली, तेव्हा गुलाबांची निगा राखल्याबद्दल तिने आबांना एक लहानसं लालसर तिकीट दिलं. तिचे आजोबा ऑक्सफर्डला शिकलेले. तिथली काही कॉलेजं एके काळी स्वतःची तिकिटं छापायची आणि कॉलेजचेच गडी ती पत्रं गावात पोचवायचे. पुढे सरकारी टपालखात्याने हरकत घेतली आणि ते बंद पडलं. मडमेने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलेलं हे सगळं आबांनी जसंच्या तसं लक्षात ठेवलं होतं. त्यांना त्यावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी रेल्वेच्या पासाच्या पाकिटात त्यांनी ते पस्तीस वर्षं जपलं. मला पहिल्यांदा दाखवताना म्हणाले होते, "ह्ये सरकारचं न्हाई बरं का, कालिजाचं हाय."

अठ्ठ्याण्णव साली तू ते माझ्याकडे दिलंस. मी पुण्याला जायचो, तिथल्या जाणत्या माणसांना दाखवून खरी किंमत काय ते विचारून येईन म्हणालो होतो. मी ते कुणालाच दाखवलं नाही. त्याच कॉलेजचं एक तिकीट मी आदल्या वर्षी प्रदर्शनात एका विक्रेत्याकडून घेतलं होतं, तुला सांगितलं नव्हतं. दोन्ही शेजारी ठेवून भिंगातून पाहिली. आबांच्या तिकिटावरची रेघ न् रेघ सुटी दिसत होती. माझ्या तिकिटावरची रंगात मिसळली होती, कागदही नवा. कुणीतरी केलेली नक्कल माझ्या गळ्यात मारली होती. महिन्याभराने मी तुला पाकीट परत दिलं. त्यात माझं तिकीट होतं.

चुकून अदलाबदल झाली, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. पहिल्या फाडलेल्या कागदावरही तेच लिहिलं होतं. चुकून नव्हे, सतीश. पाकीट बंद करण्यापूर्वी मी दोनदा उघडून पाहिलं होतं.

तुला कधी कळणार नाही असं वाटलं. तू ते विकणारा नव्हतास. पण दोन हजार सहा साली शिरूरला प्रदर्शन भरलं आणि तू ते तिकीट मधोमध मांडलंस. खाली आबांचं नाव. आबा पहिल्या रांगेत नवं धोतर नेसून बसले होते, त्यांचा सत्कार ठरला होता. मी त्यांच्या शेजारी होतो. पुण्याच्या परीक्षकांनी भिंग लावलं आणि लोकांसमोर सांगितलं की ही नक्कल आहे. तू खाली आलास. तुझा चेहरा पांढरा पडला होता. तू आबांना विचारलंस, "खरं सांगा, हे कुठनं आणलंत?" आबा म्हणाले, "बाईनं दिलं, म्या ठिवलं. दुसरं मला काय ठावं?" तू त्यांच्या नावाची चिठ्ठी काढून खिशात घातलीस. मी तिथे बसून होतो. एका वाक्याचं काम होतं.

त्यानंतर तुझ्या घरी तो विषय निघाला नाही. आबा तुझ्या खोलीत येईनासे झाले, तू अल्बम उघडलास की उठून शेवंतीच्या वाफ्यांकडे जायचे, हे तूच मला सांगितलं होतंस. बाप थापा मारायचा हे कळायला इतकी वर्षं लागली, असंही एकदा म्हणाला होतास. मी ऐकून घेतलं.

आता जे लिहितोय ते तुला ठाऊक नाही. आबा वारले त्याच्या आदल्या वर्षी, उन्हाळ्यात, न्हावऱ्याच्या तुमच्या घरून एसटीने एकटे दौंडला आले होते. ऐंशीला टेकलेला माणूस. घरी कुणाला सांगितलेलं नव्हतं. आधी त्या बंगल्यावर जाऊन आले, तिथे आता काही नाही. मग माझ्या दारात. पाणी प्यायले, चहा नको म्हणाले. मग विचारलं, "तू टपालातला मानूस हाईस, मच्छिंद्र. बाई माझ्याशी खोटं बोलली आसंल व्हय?"

ते तिकीट त्या वेळी आतल्या कपाटात होतं, आबांच्या पाठीमागे, चार पावलांवर.

मी म्हणालो, "असंल, आबा."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "सतीशला सांग, म्या न्हाई खोटं बोललो." मी त्यांना स्टँडवर नेऊन न्हावऱ्यावरून जाणाऱ्या शिरूरच्या गाडीत बसवलं, खिडकीची जागा मिळवून दिली. तुला निरोप दिला नाही. कसा देणार होतो? पुढच्या पावसाळ्यात ते गेले. त्यांच्या तिरडीला मीही खांदा दिला.

सत्तावीस वर्षांत ते तिकीट मी कुणालाही दाखवलं नाही. माझ्या अल्बमात त्याला जागाच नव्हती. तुझा फोन आल्यावर दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा बाहेर काढलं आणि पुण्याला एका जाणकारांकडे नेलं. त्यांनी अस्सल असल्याचं लिहून दिलंय. किंमतही सांगितली. फार नाही रे, एखाद्या बऱ्या सायकलीची असते तेवढी.

सोबत आबांचं तिकीट आणि तो दाखला पाठवतोय, रजिस्टर पोस्टाने. सव्वीस तारखेला मी येणार नाही. चार शब्द तूच बोल आणि त्यांचं नाव पुन्हा लाव. पाहिजे तर हे पत्रही तिथे वाचून दाखव, माझ्या नावासकट. सायलीला मी येत्या रविवारी स्वतः सांगणार आहे, तिला तुझ्याकडून कळायला नको. माफी मागायचं ठरवून बसलो होतो. पण ज्यांच्याकडे मागायची ते माझ्या ओट्यावर बसून विचारत होते, तेव्हा मी तसं उत्तर दिलं. त्यांचा निरोप पंधरा वर्षं उशिरा देतोय, तेवढा घे. आबा खोटं बोलले नव्हते.

तुझाच, असं इतकी वर्षं लिहीत आलो. आज नुसतं नाव लिहितो,

मच्छिंद्र